अमेरिकेचा अध्यक्ष निवडताना तुमच्या तराजूत काय असतं?

आडवाटे | ८ ऑक्टोबर २०२४

मंडळी, निवडणूक महिन्यावर आली. आमच्या पेनसिल्वेनियात सध्या टीव्ही लावायची सोय नाही, जाहिरातींच्या मध्ये कधीतरी कार्यक्रम दिसतो. टपालपेटीत रोज चकचकीत पत्रकांचा गठ्ठा. फोन उचलला की सर्वेक्षणवाला विचारतो, "तुमच्या मते देशापुढचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता?" आणि पर्यायही तोच वाचून दाखवतो: अर्थव्यवस्था, स्थलांतर, गर्भपात, लोकशाही, परराष्ट्र धोरण.

उमेदवार कोण आणि किती वाईट, यावर इथे आधीच धागे आहेत, तिथे खुशाल भांडा. मला विचारायचंय ते वेगळं. मत देताना तुम्ही नक्की काय तोलता? आणि ज्याला मत देताय त्याच्या हातात ते आहे का?

सुरुवात माझ्यापासून करतो. माझा मुद्दा महागाई. जून २०२२ मध्ये दर ९.१ टक्के होता, आता अडीचच्या आसपास आलाय. सत्ताधारी म्हणतात, महागाई आटोक्यात आली. आकडा खरा आहे. पण आटोक्यात आला तो वाढीचा वेग. वाढलेले भाव होते तिथेच ठाण मांडून बसलेत. २०२१ च्या सुरुवातीपासून एकूण भाव साधारण २० टक्क्यांनी चढलेत. डझनभर अंडी २०२० च्या सुरुवातीला सरासरी दीड डॉलरला मिळायची, जानेवारी २०२३ मध्ये ४.८२ डॉलर झाली, मग उतरली, आता पुन्हा तिनाच्या वर. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला 'दर' दिसत नाही, पावती दिसते.

आता हे कुणी केलं? व्याजदर फेडरल रिझर्व्ह, म्हणजे इथली मध्यवर्ती बँक, ठरवते. तिचा प्रमुख अध्यक्ष नेमतो, पण त्याला हुकूम सोडता येत नाही. सध्याचे पॉवेल ट्रम्प यांनी नेमले आणि बायडन यांनी पुन्हा नेमले. अंडी बर्ड फ्लूमुळे महागली. तेल जगाच्या बाजारात ठरतं. मार्च २०२१ चं १.९ लाख कोटी डॉलरचं पॅकेज मात्र बायडन यांचंच, आणि त्याने आगीत तेल ओतलं असं बरेच अर्थतज्ज्ञ मानतात. त्याआधी २०२० मध्ये ट्रम्प यांच्या सहीने २.२ लाख कोटी वाटले गेले होतेच. म्हणजे जे अर्धंमुर्धंच कुणीतरी केलंय, त्याची शिक्षा किंवा बक्षीस मी देणार. तरीही मत यावरच जाईल असं वाटतंय. तुमचं काय?

---

खडीसाखर | ८ ऑक्टोबर २०२४

रुमाल टाकून ठेवते. रात्री मुलं झोपली की लिहिते.

---

पेठेतला | ८ ऑक्टोबर २०२४

शीर्षक वाचून घाईघाईने आलो, म्हटलं राष्ट्रपती निवडायला आता आपल्याला पण बोलावलं की काय! आमच्याकडे ते काम खासदार-आमदार परस्पर उरकतात. २००७ मध्ये प्रतिभाताई उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेने युतीधर्म बाजूला ठेवून मराठी उमेदवार म्हणून त्यांना मतं दिली. घ्या, देशापुढचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एका फटक्यात सुटला. (हलकेच घ्या.)

---

सॅनहोजेकर | ८ ऑक्टोबर २०२४

आडवाटे, तुम्हाला विचारायला फोन तरी येतात. अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळात आमच्या कॅलिफोर्नियाची ५४ मतं आहेत, सगळ्यात जास्त, आणि आम्हाला कुत्रं विचारत नाही. निकाल ठरलेला. उमेदवार येतात ते फक्त देणगीदारांच्या घरी जेवायला.

म्हणून 'राष्ट्रीय मुद्दे' हा शब्दप्रयोगच मला पटत नाही. ५३८ पैकी २७० जमवायची आहेत आणि खरा खेळ सात राज्यांत. २०२० मध्ये जॉर्जियाचा फरक ११,७७९ मतांचा होता, ॲरिझोनाचा १०,४५७. एवढी माणसं तर आमच्याकडच्या गणपतीला येतात. त्या सात राज्यांत जे बोचतं तो राष्ट्रीय मुद्दा होतो. हॅरिसबाई २०१९ मध्ये फ्रॅकिंगवर (खडक फोडून गॅस काढण्यावर) बंदी घालू म्हणाल्या होत्या, आता नाही म्हणतात. का? पेनसिल्वेनियाची १९ मतं. आमच्याकडे वणवे लागून विमा कंपन्या घरांचे विमे नाकारतायत, त्याबद्दल वादविवादात कुणी चकार शब्द काढत नाही.

---

आडवाटे | ९ ऑक्टोबर २०२४

@सॅनहोजेकर, मान्य. पण गंमत अशी की माझ्या ओळखीत फ्रॅकिंगवरून मत ठरवणारा एकही माणूस नाही. गॅसच्या विहिरी आहेत त्या राज्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला. आम्ही बक्स काउंटीत राहतो, इकडे शाळेचा कर आणि किराणा, बास.

---

कॅरीचा_कारभारी | ९ ऑक्टोबर २०२४

नॉर्थ कॅरोलायनातून. माझा मुद्दा घर.

२०२१ मध्ये ज्यांनी तीन टक्क्यांच्या आत कर्ज घेतलं ते सुटले. चार लाखांच्या कर्जावर तीस वर्षांसाठी तीन टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण १,६९० डॉलर. तेच सात टक्क्यांनी २,६६०. घर तेच, भिंती त्याच, दर महिन्याला जवळजवळ हजार जास्त. मागच्या ऑक्टोबरात तर दर आठच्या उंबरठ्यावर गेला होता. त्यामुळे जुनी माणसं घर विकायला तयार नाहीत, कारण विकून जाणार कुठे? बाजारात घरंच नाहीत. ऑफिसातली पोरं दोघं कमावती असून भाड्याच्या घरात अडकली आहेत.

हॅरिस म्हणतात पहिल्या घरासाठी २५ हजार देऊ, तीस लाख नवी घरं बांधू. ट्रम्प म्हणतात बेकायदा राहणाऱ्यांना घालवलं की घरं मोकळी होतील. मला विचाराल तर दोघंही हवेत गोळ्या मारतायत. पंचवीस हजार सगळ्यांनाच मिळाले तर घराची किंमत तेवढीच वर जाईल. आणि ज्यांना घालवणार, तीच माणसं आमच्या गल्लीत छपरं घालतायत.

घर कुठे किती बांधायचं हे ठरतं गावच्या झोनिंगच्या सभेत. मी एकदा गेलो होतो. आमच्या वसाहतीमागे टाऊनहाऊस येणार होते. बोलायला उठलेला प्रत्येक जण, त्यात आपले देशी लोकही आले, एकच पालुपद लावत होता: ट्रॅफिक वाढेल, शाळा भरतील. बाहेर येऊन तीच मंडळी पार्किंगमध्ये बोलत होती की मुलांना आता आपल्याजवळ घर घेणं परवडायचं नाही!

---

खडीसाखर | १० ऑक्टोबर २०२४

रुमाल उचलला. (डॅलसजवळ, टेक्सास.)

आमच्या घरात वजनदार मुद्दा एकच, आणि तो किराण्याचा नाही. थोरली यंदा बारावीला आहे. कॉलेजांची यादी करताना तिने स्वतःच एक रकाना वाढवला: तिथल्या राज्यात गर्भपाताचा कायदा काय आहे. सतरा वर्षांची मुलगी हे फीच्या शेजारी लिहिते तेव्हा आईला काय वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.

१९७३ पासून जो हक्क होता तो सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ ला काढून घेतला आणि विषय राज्यांकडे आला. आमच्या राज्यात जवळपास पूर्ण बंदी. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. आईच्या जिवाला धोका असेल तर सूट आहे, पण धोका किती झाला म्हणजे पुरेसा, हे डॉक्टरने ठरवायचं आणि नंतर सरकारी वकिलाने तपासायचं. मागच्या डिसेंबरात एका गरोदर बाईला त्यासाठी कोर्टात जावं लागलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं, आणि तिने राज्याबाहेर जाऊन उपचार घेतले.

लोक म्हणतात, राज्यांनी ठरवावं. ठरवावं ना! कॅन्ससने २०२२ मध्ये मतदान घेतलं, तेही कट्टर रिपब्लिकन राज्य, आणि लोकांनी हक्क राखला. पण टेक्सासमध्ये नागरिकांना सह्या गोळा करून असा प्रश्न मतपत्रिकेवर आणायची सोयच नाही. मग मी माझं म्हणणं कुठे मांडू?

आडवाटे, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, हे अध्यक्षाच्या हातात असतं. थेट नाही, न्यायाधीशांमार्फत. कार्टर यांना चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयात एकही नेमणूक करायला मिळाली नाही. ट्रम्प यांना चार वर्षांतच तीन मिळाल्या, आणि त्या आजन्म असतात. अंड्यांचे भाव खाली-वर होत राहतील, हे तिघं माझ्या नातवंडांपर्यंत पुरतील.

---

चिंगी | १० ऑक्टोबर २०२४

@खडीसाखर, अगदी. +१.

---

एडिसनचे_काका | १० ऑक्टोबर २०२४

सगळं वाचलं. आता या म्हाताऱ्याचं ऐका. सीमा. बाकी सगळं नंतर.

आम्ही रांगेत उभे राहून आलो. कागद, फी, वकील, वर्षानुवर्षं वाट पाहणं. डिसेंबर २०२३ या एका महिन्यात मेक्सिकोच्या सीमेवर अडीच लाखांच्या आसपास माणसं पकडली गेली. टेक्सासने बसेस भरून माणसं न्यूयॉर्कला पाठवली तेव्हा कुठे इकडच्या लोकांना कळलं की सीमा म्हणजे काय. हॉटेलं भरली, शहराचं बजेट कोलमडलं. आणि हे बघा, सीमा मात्र अध्यक्षाच्या हातात असते. यंदा जूनमध्ये बायडन यांनी हुकूम काढला आणि ऑगस्टात आकडा साठ हजारांच्या आत आला. मग तीन वर्षं काय केलं? एवढंच माझं म्हणणं.

मी आयुष्यभर डेमोक्रॅट पक्षाला मत दिलं. यंदा देणार नाही.

---

प्राधान्यतारीख_२०१४ | ११ ऑक्टोबर २०२४

काका, आदर ठेवून लिहितो. तुम्ही उभे होता ती रांग आणि माझी रांग एक नाही.

नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,०००, आणि एका देशाला त्यातली सात टक्के. हा कायदा १९९० चा. आइसलंडला सात टक्के आणि भारतालाही सात टक्के! या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये (सरकार दर महिन्याला पाळी जाहीर करतं ते) ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या गटात भारताची तारीख १५ जुलै २०१२ आहे. म्हणजे ज्यांचा अर्ज तेव्हा दाखल झाला त्यांची पाळी आत्ता येतेय. माझी तारीख नोव्हेंबर २०१४. मुलगा पुण्यात जन्मला, तीन वर्षांचा असताना इथे आला, आता सोळाचा आहे. मराठी समजतो, बोलताना लाजतो. २१ पूर्ण झाले की माझ्या अर्जातून त्याचं नाव गळतं. मग त्याने विद्यार्थी व्हिसा काढायचा, नाहीतर 'परत' जायचं. कुठे परत, ते मला विचारू नका.

हा मुद्दा त्या सर्वेक्षणवाल्याच्या यादीत कुठल्या खणात बसतो? 'स्थलांतर' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सीमेवरची भिंत येते. २०१९ मध्ये हा देशनिहाय कोटा काढायचं विधेयक प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ असं संमत झालं होतं. दोन्ही पक्ष एकत्र, आजच्या काळात हे नवलच. पुढच्या वर्षी सिनेटने वेगळा मसुदा संमत केला. दोन्हींचा मेळ बसला नाही, संसदेची मुदत संपली, कागद गेले कपाटात.

आणि ज्यांना हा प्रश्न जाळतो त्या आम्हा सगळ्यांना मत नाही. कर आहे, सोशल सिक्युरिटीची कपात आहे, शाळेच्या सभेत खुर्च्या लावायला बोलावणं आहे. मत नाही. तुम्ही तराजूबद्दल विचारलंत, माझ्याकडे तराजूच नाही.

---

एडिसनचे_काका | ११ ऑक्टोबर २०२४

तुमच्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण म्हणूनच सांगतो, बेकायदा येणाऱ्यांना थांबवलं तरच कायद्याने आलेल्यांचा विचार होईल. ट्रम्प म्हणाले आहेत, इथल्या कॉलेजातून पदवी घेतलेल्यांना ग्रीन कार्ड देऊ.

---

चिंगी | ११ ऑक्टोबर २०२४

काका, जूनमध्ये पॉडकास्टवर म्हणाले आणि काही तासांतच त्यांच्या प्रचारयंत्रणेने त्याला अटींचं कुंपण घातलं. तुम्ही शब्दावर जाताय. फेब्रुवारीत सीमेचं दोन्ही पक्षांनी मिळून आणलेलं विधेयक सिनेटमध्ये कुणी विरोध केला म्हणून पडलं, तेही आठवा. प्रश्न सुटला असता तर प्रचाराला काय उरलं असतं? तुमच्यासारख्या शिकलेल्या लोकांनी असं

(संपादित)

---

व्यवस्थापक | ११ ऑक्टोबर २०२४

चिंगी, शेवटचं वाक्य काढलं आहे. मुद्द्यावर बोला, वयावर आणि शिक्षणावर नको. पुढच्या वेळी प्रतिसाद पूर्ण उडेल.

---

खारी_बिस्कीट | १२ ऑक्टोबर २०२४

अटलांटाजवळ. बंदुका. कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ४ सप्टेंबरला आमच्यापासून तासाभरावरच्या अपॅलाची हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक गेले. धाकटा पहिलीत आहे. त्याला दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव देतात. घरी येऊन सांगतो, "आज आम्ही लपलो, मी अजिबात हसलो नाही." जॉर्जिया सात राज्यांतलं एक, तरी इथल्या जाहिरातींत हा विषय नावाला. दोन्ही पक्षांनी हिशेब मांडलाय की यावर मतं हलत नाहीत. त्यांचा हिशेब बरोबरही असेल.

---

डेट्रॉईटी | १२ ऑक्टोबर २०२४

मिशिगन. परराष्ट्र धोरण यादीत नेहमी शेवटी असतं, पण आमच्या शेजारच्या डिअरबॉर्नमध्ये जाऊन बघा. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेब्रुवारीच्या प्राथमिक फेरीत राज्यात एक लाखाहून जास्त लोकांनी गाझावरून बायडन यांना मत न देता 'कुणालाच बांधील नाही' या पर्यायावर खूण केली. माझ्याबरोबर काम करणारा लेबनीज माणूस, त्याची मावशी तिकडे आहे. त्याला अंड्यांचे भाव विचारून बघा.

आपल्यासाठी आणखी एक: ट्रम्प सगळ्याच आयातीवर १० ते २० टक्के शुल्क लावणार म्हणतात, चीनवर ६०. इथे गाडीचा एकेक भाग कॅनडा-मेक्सिकोची सीमा अनेकदा ओलांडून तयार होतो. आणि शुल्क लावायला अध्यक्षाला संसदेकडे जावंच लागतं असं नाही, २०१८ मध्ये पोलादावर लावलं तेव्हाही गेले नव्हते. आडवाटे, तुमच्या महागाईत अध्यक्षाचा हात थेट पोचतो तो इथे. याकडे बघा.

---

निवृत्तीनाथ_ओहायो | १३ ऑक्टोबर २०२४

तरुण मंडळींनो, औषधं विसरलात. पासष्टीनंतर कळेल. मेडिकेअरवाल्यांना (म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातल्यांना) इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडत नाही, हा २०२२ च्या कायद्याचा परिणाम. त्या कायद्याचं नाव 'महागाई कमी करण्याचा', त्यामुळे त्यात औषधं आहेत हे कुणाला ठाऊकच नाही. माझ्या ब्रिज क्लबमधल्या चौघांपैकी तिघं इन्सुलिनवर, तिघंही बायडन यांना शिव्या घालतात.

---

सॅनहोजेकर | १३ ऑक्टोबर २०२४

हे भारी आहे :) आणि लोकशाही? ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चालून गेलेला जमाव मी टीव्हीवर पाहिला. माझ्यासाठी विषय तिथेच संपला. बाकी तोलायला काही ठेवलेलंच नाही.

---

एडिसनचे_काका | १३ ऑक्टोबर २०२४

लोकशाही धोक्यात आहे असं आमच्या बाजूचे लोकही म्हणतात बरं. त्यांचं म्हणणं, खटले भरून उमेदवाराला अडवतात, आणि हॅरिसबाईंना एकाही प्राथमिक फेरीत मत न पडता उमेदवारी मिळाली. सर्वेक्षणात दोघंही 'लोकशाही'वरच टिक करतात. आकडा एक, माणसं दोन टोकांची.

---

पेठेतला | १६ ऑक्टोबर २०२४

काल आमच्याही तारखा लागल्या, २० नोव्हेंबरला विधानसभा. तुमच्याकडे अंडी, आमच्याकडे सोयाबीनचा पडलेला भाव आणि लाडक्या बहिणीचे १,५००. तुमच्या याद्या वाचून हेवा वाटला. आमच्याकडे मुद्दा काय हे विचारायला फोन येत नाही, थेट खात्यात पैसे येतात. १९९८ मध्ये दिल्ली राज्याचं सरकार कांद्याने पाडलं म्हणतात, तेव्हा भावाची नस आपल्याकडे फार आधीच सापडलेली आहे.

---

आडवाटे | १८ ऑक्टोबर २०२४

चर्चा छान चाललीय, मध्ये एक कामाचं सांगतो. पेनसिल्वेनियात टपालाने मत देणाऱ्यांनी नीट वाचा. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात घालायची, त्यावर काहीही लिहायचं नाही, मग ते बाहेरच्या पाकिटात. बाहेरच्यावर सही आणि आजची तारीख. जन्मतारीख नव्हे! आतलं पाकीट विसरलात तर मत बाद. आणि ५ नोव्हेंबरच्या रात्री आठपर्यंत ते पोचलेलं हवं, पोस्टाचा शिक्का चालत नाही. नोंदणीची शेवटची तारीख २१ ऑक्टोबर. ओळखीच्या नवनागरिकांना कळवा. माणसं देशाच्या प्रश्नांचा काथ्याकूट करतात आणि मत पाकिटावरून बाद होतं.

डेट्रॉईटी, शुल्काचं तुम्ही लिहिलंत ते डोक्यात घोळतंय. आठवडाभर.

---

आडवाटे | ९ नोव्हेंबर २०२४

धागा वर काढतोय. निकाल आलाच आहे, ट्रम्प ३१२–२२६ ने. आमची बक्स काउंटी अगदी थोडक्यात पलटली. मी कुणाला मत दिलं ते विचारू नका, घरातही सांगितलेलं नाही.

मतदानोत्तर चाचण्यांमध्ये साधारण एक तृतीयांश लोकांनी लोकशाही म्हटलं, जवळपास तेवढ्याच लोकांनी अर्थव्यवस्था. लोकशाहीवाल्यांतले दहातले आठ हॅरिस यांच्याकडे, अर्थव्यवस्थावाल्यांतले दहातले आठ ट्रम्प यांच्याकडे. मला यात वेगळीच शंका येते. माणूस आधी मुद्दा निवडून मग उमेदवार निवडतो, की उमेदवार ठरला की मुद्दा आपोआप हातात येतो? आमचे काका सीमा-सीमा म्हणत होते, पण त्यांच्या न्यूजर्सीतली डेमोक्रॅटांची आघाडी २०२० मधल्या १६ टक्क्यांवरून ६ वर आली ती काय सगळी सीमेमुळे? तिथून सीमा कुठे दिसते!

---

खडीसाखर | ९ नोव्हेंबर २०२४

मला सगळ्यात बोचलं ते मिसूरी. एकाच मतपत्रिकेवर लोकांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला, किमान वेतन १५ डॉलरवर न्यायचं मान्य केलं आणि ट्रम्प यांना अठरा टक्क्यांनी निवडून दिलं. ॲरिझोनातही तेच, हक्काला साठ टक्क्यांवर मतं आणि अध्यक्षपदाला ट्रम्प. म्हणजे लोकांनी माझा मुद्दा अध्यक्षाच्या तराजूतून काढून वेगळ्या रकान्यात ठेवला. त्यांना तो रकाना होता म्हणून. फ्लोरिडाचं तर विचारू नका, ५७ टक्के मिळाले आणि हवे होते ६०.

मुलीने यादीतून आणखी दोन नावं काटली.

---

एडिसनचे_काका | १० नोव्हेंबर २०२४

आडवाटे, सीमा माझ्या मनातून दिसते. आणि भावही. दोन्ही. हिने यादी करताना पनीर खोडून टोफू लिहिलं तेव्हाच मी समजलो होतो, निकाल काय लागणार.

---

कॅरीचा_कारभारी | २१ सप्टेंबर २०२५

हा धागा शोधून काढला. शुक्रवारपासून कुणी झोपलं आहे का? एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर. शुक्रवारी, १९ तारखेला सही, रविवारच्या पहिल्या मिनिटापासून लागू. आमच्या टीममधली मुलगी आईच्या श्राद्धाला नाशिकला गेली होती. कंपनीच्या वकिलाचा निरोप आला, चोवीस तासांत परत या. ती तशीच निघाली. शनिवारी व्हाइट हाऊसने खुलासा केला की फक्त नव्या अर्जांना, एकदाच, आत्ता व्हिसा असलेल्यांना नाही. तोवर ती दोहाला पोचली होती.

जानेवारीत जन्मसिद्ध नागरिकत्वाचा हुकूम आला, एच-वन-बीवाल्यांची इथे जन्मणारी मुलंही त्यात धरलेली. तो न्यायालयांनी अडवून धरलाय. ऑगस्टच्या २७ पासून भारताच्या मालावर ५० टक्के शुल्क. देशी दुकानात तांदूळ आणि डाळीच्या पिशव्यांवर नव्या किमतींचे स्टिकर जुन्यावरच चिकटवलेत, नखाने खरवडलं की खालची किंमत दिसते.

आडवाटे, अध्यक्षाच्या हातात काय असतं विचारत होतात ना? हे असतं. यातलं काहीही त्या सर्वेक्षणाच्या यादीत नव्हतं.

---

आडवाटे | २१ सप्टेंबर २०२५

शुल्काचं डेट्रॉईटींनी सांगितलं होतं. अंडी मार्चमध्ये ६.२३ वर गेली, पुन्हा बर्ड फ्लू, मग आपली आपणच उतरली. म्हणजे ज्या अंड्यांवरून लोकांनी मतं दिली ती कुणाचंच ऐकत नाहीत, आणि डाळ एका सहीने महागते.

---

एडिसनचे_काका | २१ सप्टेंबर २०२५

सीमेवरचा आकडा मात्र कित्येक वर्षांत नव्हता इतका खाली आलाय. ते मला हवं होतं, ते झालं. बाकीच्यासाठी मी मत दिलं नव्हतं. पण मत सुटं-सुटं देता येत नाही, अख्खा माणूस घ्यावा लागतो. भाचा बंगळुरूहून येणार होता, त्याची ऑफर थांबवलीय कंपनीने. बहिणीचा फोन येतो, मी उचलत नाही.

---

प्राधान्यतारीख_२०१४ | २२ सप्टेंबर २०२५

काका, फोन उचला. तिला तुमचं राजकारण नकोय, धीर हवाय.

माझ्याकडची बातमी. या महिन्याच्या बुलेटिनमध्ये तारीख १ जानेवारी २०१३. वर्षभरात साडेपाच महिने पुढे सरकली. माझ्यापर्यंत यायला बावीस महिने बाकी, याच वेगाने चार वर्षं, म्हणजे सप्टेंबर २०२९. मुलाला २१ पूर्ण होतात एप्रिल २०२९ ला. कायद्यात वयातून वजा होणारे काही महिने धरले तर हिशेब काठावर येतो, आणि काठावर कोण बसून राहणार? मुलगा परवा म्हणाला, "बाबा, ज्या देशात मी मोजला जाईन तिथेच शिकतो." त्याने कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाला अर्ज करायचं ठरवलंय. कुणाची मुलं कॅनडात शिकत असतील तर फी, राहण्याचा खर्च आणि थंडी याबद्दल कृपया व्यक्तिगत निरोप करा. अर्ज हिवाळ्यातच भरायचाय.